रमजानमधला टायब्रेकर

आम्ही दोघी जावा. एका चुलीवर स्वयंपाक करून बावीस वर्षं झाली. घरापासून शाहू स्टेडियम चालत पाच-सात मिनिटांवर. तरीही एवढ्या वर्षांत आम्ही स्टेडियमच्या आत गेलो नव्हतो. कोल्हापुरातला फुटबॉल आम्हाला कळतो तो कानांनी आणि कपडे धुताना.

कानांनी म्हणजे असं. सामना चालू असताना गच्चीवर पापड वाळत घालत असलो तरी काय चाललंय ते समजतं. गोल झाला की एकदम मोठा आवाज उठतो आणि बराच वेळ टिकतो. गोल हुकला की आवाज चढत जातो आणि मध्येच मोडतो. नुसत्या शिट्ट्या आणि आरडाओरडा आला तर समजायचं, गॅलरीत कुणीतरी कुणाच्या तरी आईबहिणीचा उद्धार केलाय. हा शेवटचा आवाज कोल्हापुरात नको इतका येतो. खेळाचं वेड असावं, पण या शिव्यांचा अभिमान कुणी बाळगू नये, असं आम्ही घरातल्या पुरुषांना कित्येकदा सांगितलंय. ते मान हलवतात.

कपड्यांचं सांगायचं तर जर्सीवरच्या मातीवरून आणि कोपराच्या रक्तावरून सामना कसा झाला ते आम्ही ओळखतो. जर्सी स्वच्छ आली तर पोरगा बाहेर बसला होता. त्या दिवशी जेवायला काही विचारायचं नाही.

पोरगा म्हणजे आमचा मुलगा. दोघींपैकी कुणाचा, याला फारसा अर्थ नाही. एकीला अम्मी म्हणतो, दुसरीला बडी अम्मी, आणि पैसे हवे असले की जी समोर येईल तिला. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला जातो. सामना असेल त्या दिवशी पाळी बदलून घेतो, नाही जमलं तर पगार कापून घेतो. पेठेतल्या तालमीच्या संघात मधल्या फळीत खेळतो. कुठली तालीम ते लिहीत नाही. लिहिलं तर या मासिकाचे कोल्हापुरातले निम्मे वाचक इथेच पान उलटतील.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. इतर ठिकाणी फुटबॉलचे क्लब असतात, आमच्याकडे तालमी आहेत. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. कुस्तीच्या आखाड्यांभोवती उभी राहिलेली ही मंडळं पुढे फुटबॉलची झाली. ‘तालीम’ हा शब्द आपल्या ‘तालीम’मधलाच, शिक्षण या अर्थाचा. तिथला ‘वस्ताद’ म्हणजे आपला उस्ताद. ‘दिलबहार’ कुठून आला ते तर सांगायलाच नको. कोल्हापूरचा एखादा पैलवान वस्तादांच्या पाया पडून तालमीत उतरतो तेव्हा त्याच्या तोंडी किती अरबी-फारसी असते ते त्यालाही ठाऊक नसतं.

या तालमींत गणपती बसतो आणि कित्येक तालमींत मोहरमचे पंजेही बसतात. २०१८ ते २०२० अशी सलग तीन वर्षं गणेशोत्सव आणि मोहरम एकाच वेळी आले, तेव्हा एकाच छताखाली दोन्ही होते. पंज्यांविषयी आपल्या वाचकांत मतभेद आहेत, आमच्या घरातही आहेत, तो विषय इथे नको. सांगायचं इतकंच की आमचा मुलगा ज्या उंबऱ्यातून सरावाला जातो तो उंबरा आम्हाला कधी परका वाटला नव्हता.

हंगाम हिवाळ्यात सुरू होतो. आधी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे केएसएची लीग. वरिष्ठ गटात सोळा संघ. लीग संपली की उन्हाळ्यापर्यंत चषकांचा मोसम. महापौर चषक, राजेश चषक, सतेज चषक, अटल चषक असे किती तरी चषक कोल्हापूरने पाहिले. निवडणूक जवळ आली की चषकांची उंची वाढते, हे आमचं आपलं गच्चीवरचं निरीक्षण. हे बहुतेक चषक बाद पद्धतीचे, ज्याला सगळे नॉकआउट म्हणतात. लीगमध्ये एक सामना हरला तरी पुढचा असतो. नॉकआउटमध्ये हरलात की सामान उचला. सोळा संघ उतरले तर चार सामने जिंकणाऱ्याला चषक. आणि बरोबरी झाली तर टायब्रेकर, पाच-पाच पेनल्टी.

ही पद्धत जुनी आहे. इंग्लंडात एफए कप १८७१-७२ मध्ये सुरू झाला आणि शेजारच्या वेल्समध्ये १८७७-७८ मध्ये वेल्श कप. वेल्समध्ये आजही मोठ्या चषकाखेरीज भागाभागांचे वेगळे चषक आहेत. दिवसभर आपापली कामं करणारे हौशी खेळाडू शनिवारी गावच्या संघातून त्यात उतरतात. म्हणजे पाळी बदलून खेळणारं आमचं एकच पोर जगात नाही. आपल्याकडे सिमल्यात १८८८ ला ड्युरँड कप आला, मुंबईत १८९१ ला रोव्हर्स कप. कितीतरी वर्षं ते गोऱ्या पलटणींचेच होते. रोव्हर्स कप जिंकणारा पहिला भारतीय संघ १९३७ चा बंगळुरू मुस्लिम, आणि ड्युरँड जिंकणारा पहिला भारतीय संघ १९४० चा कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग. दिल्लीतल्या अंतिम सामन्यात त्यांनी रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला २-१ ने हरवलं. आमचे सासरे, ज्यांना सगळं घर अब्बा म्हणतं, हे अशा थाटात सांगतात की जणू दुसरा गोल त्यांनीच मारला. त्यांचा जन्म त्यानंतरचा.

आता मुद्द्याचं.

७ जून २०२३ चा दिवस कोल्हापूरकर विसरणार नाहीत. मोबाइलवरच्या स्टेटसवरून शहर पेटलं, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, इंटरनेट बंद झालं. आम्ही दार लावून बसलो होतो. मुलगा तेव्हा नुकताच मोठ्या संघात येऊ पाहत होता. दोन दिवस आम्ही त्याला सरावाला सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे सहा वाजता संघातली दोन पोरं मोटरसायकलवरून दारात. “चाची, ह्याला बाहेर काढा, गोलकीपरला बॉल मारायला कोण न्हाई.” मुलगा बूट हातात घेऊनच पळाला. आम्ही दोघी दारात उभ्या राहून रस्त्याच्या टोकापर्यंत बघत राहिलो.

तालमीत काही बदललं नाही. बदललं ते आमच्या घरात. काही गोष्टी बाहेर बोलायच्या नाहीत, अशी एक सवय लागली. कुणी सांगून लावलेली नाही. रिक्षात फोनवर ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणताना आवाज खाली यायला लागला. मुलगा डब्यात काय नेतो, शुक्रवारी कुठे जातो, हे तो कारखान्यात आपणहून सांगत नसे. आम्हाला ते दिसत होतं, आणि आम्हालाच ते बरं वाटत होतं. कशाला उगीच.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, रमजान २ मार्चला सुरू झाला. म्हणजे ऐन चषकांच्या मोसमात. मुलगा सगळे रोजे धरतो. सरावाचं त्याने जमवून घेतलं होतं, तरावीहनंतर थोडं पळायचा. पहिले दोन सामने संघ जिंकला. त्यातला एक सामना त्याने रोज्यातच खेळला आणि कुणाला कळलंही नाही. मग उपांत्य सामना आला.

त्या पहाटे सहेरीला त्याला दोन भाकऱ्या, दही, केळी आणि भरपूर पाणी दिलं. एकीने विचारलं, “रोजा आहे म्हणून सरांना सांगितलंयस ना?” सर म्हणजे प्रशिक्षक. तो म्हणाला, “सांगतो.” सांगितलं नव्हे, सांगतो. फरक आमच्या दोघींच्या लक्षात आला. पण आम्ही पुन्हा विचारलं नाही.

सामना चारचा. आधीचा सामना लांबल्यामुळे सुरू व्हायला उशीर झाला. आम्ही स्वयंपाकघरात इफ्तारीच्या तयारीत होतो. कलिंगड कापायचं होतं, भज्याचं पीठ भिजवायचं होतं. मोबाइल डाळीच्या डब्याला टेकून ठेवला होता, कारण हल्ली सामने मोबाइलवर दिसतात. पण त्याची एक गंमत आहे. मोबाइल मागे असतो आणि खिडकीतून येणारा आवाज पुढे. गोल आधी ऐकू येतो, मग अर्ध्या मिनिटाने दिसतो. त्या अर्ध्या मिनिटात गोल कुणाचा झाला ते कळायला मार्ग नसतो.

सामना १-१. टायब्रेकर. तोपर्यंत सहा वाजत आले होते. पाण्याचा थेंब न घेता त्याला साडेबारा तास झाले होते. पंधरा मिनिटं आधीपासूनच तो कमरेवर हात ठेवून चालत होता. आमच्या पोराची चाल आम्हाला कळते.

पाचवी पेनल्टी त्याची होती. त्याने मारली तर बरोबरी, हुकली तर बाहेर. मोबाइलवर तो अजून मध्यरेषेवरून चालत येत होता आणि खिडकीतून तो प्रचंड आवाज आला. मोठा, टिकणारा. आम्ही एकमेकींकडे बघितलं. असा आवाज त्याच्या गोलालाही होतो आणि समोरच्या संघाच्या जिंकण्यालाही. मोबाइलवर त्याने चेंडू ठेवला, मागे गेला, धावला. चेंडू जमिनीवरून सरळ गोलकीपरच्या हातात गेला. एखाद्याला पास द्यावा तसा.

भज्याचं तेल तापून धूर यायला लागला होता.

तो मगरिबनंतर बराच वेळाने घरी आला. तालमीतच पाण्याने रोजा सोडला होता. त्याच्याआधी त्याच्याबद्दलच्या गोष्टी घरी पोचल्या. संघातल्या कुणीतरी विचारलं होतं, “तुला चक्कर येत होती तर मारायला का गेलास?” तेव्हा त्याने पहिल्यांदा सांगितलं, रोजा आहे. मग कप्तान त्याच्यावर भडकला. रात्री पेठेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने लिहिलं, रोजा धरून खेळायला सांगितलं कुणी होतं. खाली हसणारी दोन तोंडं. आमच्या पोटात गोळा आला. असं एक वाक्य कुठल्या ग्रुपवरून कुठल्या ग्रुपवर जाईल आणि सकाळपर्यंत त्याचं काय होईल, हे २०२३ नंतर कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. आम्ही रात्रभर तो फोन बघत होतो. साडेअकरा वाजता कप्तानाने त्याच ग्रुपवर एक ओळ टाकली: परवा सकाळी साडेसहा, सगळ्यांनी यायचं, उशीर केला तर पाच फेऱ्या. त्यानंतर कुणी काही लिहिलं नाही.

घरात मात्र बोलणं झालं. आम्ही म्हणालो, फुटबॉल पुरे. गुडघा गेला तर दवाखान्याचा खर्च कोण करणार, नोकरीत कायम व्हायचंय, आणि आता हे. खरं कारण ‘आणि आता हे’ एवढंच होतं, गुडघा नुसता पुढे केला होता. अब्बा बराच वेळ गप्प होते. मग मुलाला म्हणाले, “रोजा तुझा आणि अल्लाहचा. त्यात मी बोलणार नाही. पण ती पाचवी पेनल्टी दहा जणांनी तुझ्याकडे ठेवायला दिली होती. ती अमानत होती. पायात जीव नाही हे तुला माहीत होतं, त्यांना नव्हतं.” मुलगा उठून आत गेला. आम्हाला अब्बांचा राग आला. पोराला एवढं लागलेलं असताना हे कशाला. पण ते चुकीचं बोलले असंही म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वस्ताद आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, कान कुस्तीने मोडलेले, हातात कलिंगड. मगरिबला पंधरा मिनिटं होती. चहा विचारायची सोय नाही, कारण आम्ही सगळे रोज्यात. त्यांनीच हात वर केला, “तुमचं झाल्यावर बरोबरच घेतो.” मग मुलाला समोर बसवलं.

“रोजा धरलास, चांगलं केलंस. सांगितलं का न्हाईस?”

“सांगितलं असतं तर बाहेर बसवलं असतंत.”

“बसवलं असतं. शेवटची वीस मिनिटं आत घातलं असतं. ताज्या पायानं मारली असतीस.”

मुलगा खाली बघत म्हणाला, “बाहेर बसल्यावर सगळ्यांनी विचारलं असतं, ह्याला का बसवलं. मग सांगावं लागलं असतं.”

“मग? सांगायचं. नवरात्रात आपल्यातली चार पोरं अनवाणी असत्यात, नऊ दिवस उपास. ती सांगत्यात की. मी त्यास्नी बूट घालू नका म्हणतोय का उपास सोडा म्हणतोय? सराव कमी करतो.”

“त्यांचं वेगळं असतंय, वस्ताद.”

वस्तादांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना उत्तर सुचलं नाही, हे आम्हाला दारातून दिसलं. उत्तर ठोकून दिलं नाही म्हणून त्यांच्याबद्दलचा आदर वाढला. अजान झाली. त्यांनी आमच्याबरोबर खजूर खाल्ला, कलिंगड स्वतः कापलं, आणि जाताना एवढंच म्हणाले, “वेगळं वाटाय लागलंय हे मला कुणी सांगितलं न्हाई. ते तरी सांगायचं हुतंस.”

त्या रात्री अब्बांनी मुलाच्या फोनवर त्याला एक जुना सामना दाखवायला लावला. एप्रिल २०२१ मधला, इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला, लेस्टर सिटी आणि क्रिस्टल पॅलेसचा. रमजान होता. लेस्टरचा बचावपटू वेस्ली फोफाना रोज्यात होता. अर्धा तास झाला, सूर्य मावळला, तेव्हा पॅलेसच्या गोलकीपरने गोल-किक मारायची थांबवली आणि फोफानाने मैदानाच्या कडेला जाऊन रोजा सोडला. काही सेकंदांचं काम. पण त्याबद्दल दोन्ही कप्तानांचं आणि पंचांचं सामन्याआधीच बोलणं झालेलं होतं. अब्बांनी तेवढी एकच बाब दोनदा सांगितली. मुलगा म्हणाला, “अब्बा, ते लेस्टर आहे.” अब्बा म्हणाले, “आणि हे कोल्हापूर आहे. राजर्षी शाहूंनी १९०६ साली इथे मुस्लिम बोर्डिंग काढलं. मी तिथे राहून शिकलो. लेस्टरचं मला नको सांगू.” दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि आम्ही भांडी घासायला गेलो.

परवाच्या सरावाला तो गेला. आम्ही थांबवलं नाही. का थांबवलं नाही ते नीट सांगता येत नाही. बहुधा कप्तानाची ती एक ओळ, आणि वस्तादांचं ते मिटलेलं तोंड.

नॉकआउटचं एक बरं असतं. एका चषकातून बाद झालात तरी मोसम संपत नाही, दुसऱ्या चषकाचा ड्रॉ निघतो. ईद झाली, एप्रिल आला. मुलाने शव्वालचे सहा रोजे धरायला घेतले आणि त्याच आठवड्यात पुढच्या चषकाचा पहिला सामना लागला. या वेळी तो आदल्या दिवशी सरांकडे गेला. सरांनी तारखा बघितल्या आणि म्हणाले, हे सहा मोडून मोडून धरले तर चालतात का? मुलाने घरी फोन केला, फोन अब्बांकडे गेला. चालतात, महिनाभरात कधीही. सामन्याचा दिवस सोडून त्याने धरले.

त्या सामन्याला आम्ही दोघी पहिल्यांदा स्टेडियमात गेलो. दीर आणि अब्बा बरोबर. आमच्याशिवाय बायका थोड्याच होत्या. आत बसल्यावर कळलं की चेंडूला पाय लागल्याचा आवाज वेगळा असतो, तो गच्चीवर कधी पोचला नव्हता. शिव्या मात्र होत्या तितक्याच होत्या, फक्त शब्द स्पष्ट ऐकू आले. टायब्रेकरची वेळ आली नाही. आमचा संघ २-१ ने जिंकला आणि पुढच्या फेरीत सपाटून हरला. मुलाने दोन्ही सामन्यांत गोल केला नाही. जर्सीवर माती भरपूर होती.

यंदा रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात येतोय. हंगाम सुरू होण्याआधी सरांनी एक वही घातली. प्रत्येकाचं नाव आणि पुढे अडचणीचे दिवस. मुलाने तिचा फोटो काढून आम्हाला दाखवला. कुणाची बारावीची परीक्षा आहे, कुणाच्या बहिणीचं लग्न, एकाच्या नावापुढे दर संकष्टी, एकाच्या पुढे ‘रात्रपाळी’. आमच्या मुलाच्या नावापुढे सरांच्या अक्षरात लिहिलंय: रोजे, पूर्ण महिना, आधी विचारणे. ‘रोजे’च्या आधी त्यांनी काहीतरी लिहून खोडलंय. काय ते वाचता येत नाही.